गात गात गेल्या, असं गाव म्हणतं

आमच्या वन्संना जाऊन आता महिना उलटला. भेटायला येणारी माणसं कमी झाली आहेत, पण जो येतो तो ओसरीवर टेकता टेकता एकच वाक्य बोलतो. ‘गात गात गेल्या म्हनं बाई. लई पुन्यवान.’ नगरहून आलेल्या पाहुण्यांनी हेच जरा शुद्ध भाषेत म्हटलं. पुण्याच्या चुलत सासूबाई तर डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, ‘असं मरण मागून मिळत नाही गं सुमन.’ मी मान हलवते आणि चहाचं आधण ठेवते. काय सांगणार? त्या सकाळी आमच्या घरातून गाण्याचा आवाज येत होता हे खरंच आहे. घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांनीसुद्धा तो ऐकला. पण वन्सं गात नव्हत्या. त्या मला हाक मारत होत्या… आणि हाक मारायला त्यांच्याजवळ त्या गाण्याशिवाय दुसरं काही उरलेलं नव्हतं. हे चहाच्या कपाबरोबर सांगून होण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, यमुना. पुणतांब्यात त्यांना सगळे यमूबाई म्हणत. फार लहान वयात कपाळ पांढरं झालं आणि त्या माहेरी परत आल्या. ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, बहिणीला घरात कोंडून न ठेवता नगरला बालवाडीच्या शिक्षणाला पाठवलं. हे स्वतः शाळामास्तर, तेव्हा गावानं फार बोलून घेतलं नाही. शिकून आल्या आणि आमच्याच ओसरीवर त्यांनी बालवाडी मांडली. मी लग्न होऊन या घरात आले ती ह्या नणंदेची धास्ती घेऊनच. माहेरच्या बायकांनी पढवून पाठवलं होतं, घरात थोरली विधवा नणंद आहे, जपून राहा. पहिल्या सकाळी स्वयंपाकघरात गेले तर भाकरीचं पीठ मळायची लाकडी काथवट जागेवर नाही, चाळणही नाही. म्हटलं, झालं, परीक्षा सुरू झाली. ओसरीवर डोकावले तर वन्सं खाली मांडी घालून बसलेल्या, केसांत वाळू, समोर ती काथवट नदीच्या वाळूनं भरलेली, आणि भोवती शेंबडी पोरं कोंडाळं करून बसलेली. ‘सुमन, आज परातीत मळ हो पीठ,’ त्या वर न बघता म्हणाल्या, ‘काथवट शाळेत गेलीय.’ ती पुढं कधी शाळेतून घरी आली नाही. नवी आणावी लागली.

पुढं पुढं माझ्या स्वयंपाकघरातलं काय काय शाळेत गेलं त्याला गणती नाही. चिंच फोडली की चिंचोके त्यांचे. कुंकवाच्या रिकाम्या डब्या त्यांच्या. ज्वारीची ताटं आली की त्यातला पांढरा भेंड त्या सोलून घेत आणि पोरं त्याची बैलगाडी करत, कुणी त्याचंच अक्षर वाकवून ठेवत. एकदा तर पोळ्यांची कणीक मळून ठेवली होती, ती ओसरीवर जाऊन ‘ग’ होऊन वाळत पडली. मी चिडले आणि म्हटलं, ‘वन्सं, आता मलाच तेवढी न्या शाळेत.’ दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खरोखरच नेलं. वाळू चाळायला, नाकं पुसायला, भांडणं सोडवायला. मी कुरकुर करत गेले आणि मग जातच राहिले.

त्यांची शिकवायची तऱ्हा गावाला पटायला वेळ लागला. कुठल्याही पोराच्या हातात त्या पहिलं वर्षभर पाटी-पेन्सिल देत नसत. आधी बोटांना काम द्यायचं. चिंचोके वेचायचे, ओळीत मांडायचे, माती मळायची, गोल करायचे, दोऱ्यात फुलं ओवायची. मग वाळूचा खेळ. सगळ्यांनी काथवटीभोवती बसायचं, हात वर करायचे, खाली आणायचे आणि वाळू तळव्यांनी थापून सपाट करायची. हे करताना म्हणायचं गाणं वन्संनीच जुळवलेलं होतं.

हात वर, हात खाली,
वाळूची भाकर झाली.
बोट फिरलं गरगर,
नाव कुणाचं वाळूवर?

गाणं संपलं की ज्याची पाळी असेल त्यानं वाळूत आपल्या नावाचं पहिलं अक्षर काढायचं आणि बाकीच्यांनी ते कुणाचं ते ओरडायचं. बबीचा ‘ब’, रामाचा ‘र’. वर्णमालेत कुठलं अक्षर आधी येतं याच्याशी वन्संना देणंघेणं नव्हतं. पोराचं पहिलं अक्षर त्याच्या नावाचं, मग मित्राच्या नावाचं, मग घरातल्या गाईचं. चुकलं तर हातानं फिरवून टाकायचं, की पुन्हा भाकर तयार. वाळूत चुकलेलं कुणाला दिसत नाही, म्हणून पोरं बिनघोर चुकतात, असं त्या म्हणत. पाटीवर चुकलं की आधी थुंकी लावून पुसावं लागतं आणि मग मार खावा लागतो.

बबीची आई भामाबाई एकदा तावातावानं आली. ‘बाई, माजी पोरगी सकाळधरनं हितं येती आन् परकराच्या ओच्यात वाळू घिऊन घरी येती. तिला अक्षर कवा येनार?’

वन्सं म्हणाल्या, ‘भामाबाई, तिला भाकरी करायला शिकवाल तेव्हा पहिल्याच दिवशी तव्याशी बसवाल का? आधी पिठाशी खेळू द्याल ना?’

‘छ्या. पैल्याच दिशी तव्याशी बशवीन. येक चटका बसला की पोरगी बराबर शिकती.’

वन्सं एवढ्या हसल्या की भामाबाईलाही हसू आलं. पटलं मात्र नाही. ती ‘बगा बाई, तुमास्नी ठावं’ म्हणून गेली आणि पोरीला पाठवत राहिली. दसऱ्याला तर सगळ्याच आया नव्या पाट्या घेऊन येत. पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायची, फूल वाहायचं आणि पोराचा हात आपल्या हातात धरून ‘श्री’ गिरवून घ्यायचा, ही चाल कुणी मोडणार नव्हतं. वन्सं सगळं भक्तिभावानं करू देत, प्रसाद वाटत आणि संध्याकाळी साऱ्या पाट्या उचलून माळ्यावर टाकत. ‘अगं, ज्यांनी ‘श्री’ शोधला त्यांनी पोरांचा विचारच केला नाही,’ मला म्हणायच्या. ‘त्यात किती वळणं आहेत बघ. आणि हात धरून काढलेलं अक्षर धरणाऱ्याचं असतं, पोराचं नसतं.’

दुष्काळाच्या साली गोदावरीत नुसती डबकी राहिली. आयाबाप खडी फोडायला जात आणि पोरं उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत आमच्या ओसरीवर. दुपारी सरकारी सुकडी यायची, ती खाऊन पोरं तिथंच कलंडायची. रडणारी इतकी असत की कुणाला आधी घ्यावं कळत नसे. वन्सं तेव्हा सकाळ-संध्याकाळ तो वाळूचा खेळ घेत. गाणं म्हणता म्हणता पोरं भूक विसरत, निदान तेवढा वेळ. ‘नदीनं पाणी नेलं, पाटी ठेवलीय,’ असं त्या पात्राकडं बघून म्हणत. त्या वर्षी त्यांनी हे गाणं किती वेळा म्हटलं असेल देव जाणे. ते त्यांच्या हाडीमाशी मुरलं ते तेव्हाच, असं मला आता वाटतं.

दुष्काळ सरला, नदीला पाणी आलं. आणि त्यानंतरच्या संक्रांतीनंतर एका सकाळी वाळू चाळता चाळता वन्संच्या हातातून चाळण पडली. मी म्हटलं, ‘काय झालं वन्सं?’ त्यांनी माझ्याकडं पाहिलं, तोंड उघडलं, आणि शब्द आला नाही. तोंडाची एक बाजू खाली आली होती. आम्ही त्यांना गाडीनं नगरला नेलं. अर्धांगाचा झटका, डॉक्टर म्हणाले. पाय सुधारेल, उजव्या हाताचं बघू, बोलण्याचं काही सांगता येत नाही. इस्पितळात ह्यांनी त्यांच्या हातात वर्तमानपत्र दिलं. त्यांनी ते सुलटं धरलं, नजर ओळींवरून फिरवली, परत पहिल्या ओळीवर आणली… आणि मग नीट घडी करून बाजूला ठेवलं. एवढ्या पोरांना अक्षरांची वाट दाखवणारी बाई, आणि तिचीच सगळी अक्षरं पुसली गेली होती. देवावरचा माझा विश्वास तसा बेताचाच. त्या दिवशी मात्र तो असायला हवा होता असं वाटलं, निदान भांडायला कुणीतरी मिळालं असतं.

घरी आणल्यावर कित्येक दिवस त्या गप्प होत्या. पाणी हवं का, ऊन लागतंय का, काही सांगता येत नव्हतं. नुसत्या माझ्याकडं बघत. ओसरीवरची पोरं मी कशीबशी सांभाळत होते. एक दिवस ती ऐकेनात, बाईंना बघायचंय म्हणून आत घुसली आणि खाटेशेजारी काथवट ठेवून त्यांनी आपला खेळ मांडला. ‘हात वर’ म्हटल्याबरोबर वन्संचा डावा हात वर गेला. आणि पोरांच्या आवाजात त्यांचा आवाज मिसळला. अख्खं गाणं, एकही शब्द न अडखळता, पहिल्यासारखं स्वच्छ. हे दारात उभे होते. लहान मुलासारखे रडले. मी पोरांना गूळ-शेंगदाणे वाटले. आम्हाला वाटलं, गाणं आलं म्हणजे मागोमाग बाकीचंही येणार.

पुढच्या खेपेला डॉक्टरांना मोठ्या हौसेनं सांगितलं, तर ते म्हणाले, असं होतं कधी कधी. पाठ झालेली गाणी, आरत्या, आकडे शाबूत राहतात. बोलणं वेगळं असतं. फार आशा धरू नका. परत येताना गाडीत वन्सं खिडकीपाशी बसून ते गाणं हळू आवाजात म्हणत होत्या आणि समोरच्या बाकावरची बाई कौतुकानं बघत होती.

तेव्हापासून वन्संना काहीही सांगायचं झालं की तोंडून तेच निघे. तहान लागली, ‘हात वर, हात खाली’. पाठ दुखली, तेच. ह्यांचे एक स्नेही येऊन जेवणवेळ टळली तरी हलेनात, तेव्हा त्यांच्याकडं बघून त्यांनी ते इतक्या जोरात म्हटलं की बिचारे उठून गेले, आणि मग त्या आणि मी खूप हसलो. शब्द तेच, पण सूर वेगळे. मी सूर ओळखायला शिकले. हळू आणि लांबवून म्हटलं तर पाणी. तुटक म्हटलं तर मागच्या दारी जायचंय. तरी निम्म्या वेळा चुकायची. शाल नेली तर मान हलवायच्या, तांब्या नेला तरी मान हलवायच्या, आणि मग आम्ही दोघी थकून एकमेकींकडं बघत बसायचो. त्यांना सगळं कळत होतं. मला काही कळत नव्हतं.

ह्यांनी आपल्या परीनं शिकवणी सुरू केली. रोज सकाळी अंघोळ झाली की पाटी घेऊन बहिणीजवळ बसायचे, तिचा लुळा हात आपल्या हातात धरायचे आणि ‘श्री’ गिरवून घ्यायचे. मास्तर माणूस, दुसरं काय करणार? वन्सं मान फिरवून भिंतीकडं बघत. जन्मभर ज्या गोष्टीशी भांडल्या तीच भावानं मायेनं त्यांच्यापुढं आणून ठेवली होती आणि ‘नको’ म्हणायला त्यांच्याजवळ शब्द नव्हता. मी ह्यांना एकदा बोलले. हे म्हणाले, ‘मग मी काय करू सांग.’

मग मी वन्संच्याच वाटेनं गेले. दुपारी पोरं गेली की काथवट त्यांच्या मांडीजवळ घ्यायची. दोघी मिळून वाळू थापायचो, गाणं म्हणायचो आणि ‘नाव कुणाचं वाळूवर?’ झालं की मी थांबायची. त्यांनी ‘य’ काढावा. यमूचा ‘य’. डाव्या हाताचं बोट वाळूवर यायचं, थोडं फिरायचं… गोल व्हायचा, नाहीतर नुसती रेघ. त्या ती बघत. चूक आहे हे त्यांना कळायचं, त्यांच्या तोंडावर मला ते दिसायचं. मग स्वतःच तळव्यानं पुसून टाकत आणि पुन्हा गाणं सुरू करत. मी चिंचोक्यांचा ‘य’ मांडला, कणकेचा केला, त्यांचं बोट त्यावरून नुसतं फिरवलं. उन्हाळा गेला, पेरण्या झाल्या. चार वर्षांच्या पोराला खेळता खेळता येतं ते वन्संना काही आलं नाही. वाळूवर चुकलेलं दिसत नाही असं त्या म्हणायच्या, पण त्यांना स्वतःचं दिसत होतं. एक दिवस त्यांनीच काथवट हातानं दूर सारली. मी ती ओसरीवर नेऊन ठेवली, आणि परत कधी आणली नाही.

भाद्रपदातली ती सकाळ. वन्संची खाट आतल्या खोलीत, हे मागं परसात अंघोळीला, मी ओसरीवर पोरांत. भामाबाई बबीच्या पाठच्या धाकटीला घेऊन आली होती आणि खांबाला टेकून बसली होती. पोरांनी वाळू थापायला घेतली आणि आतून वन्संचा आवाज आला. रोजच यायचा. त्या दिवशी मोठा आला. पोरं खूश झाली, तीही मोठ्यानं म्हणायला लागली. गाणं संपलं तरी आतून पुन्हा सुरू झालं, परत सुरू झालं. पोरांना वाटलं बाई शर्यत लावताहेत. ती हात आपटून आपटून म्हणू लागली, वाळू उडाली, एकच कल्ला. भामाबाई म्हणाली, ‘आज बाईला लई बरं वाटतंय जनू.’ मलाही तसंच वाटलं. मी हसत होते. इतक्या दिवसांनी घर भरल्यासारखं वाटत होतं… मग आतला आवाज थांबला. दमल्या असतील म्हणून मी पाणी घेऊन गेले. त्यांचा डावा हात छातीपाशी लुगडं मुठीत धरून होता. डोळे दाराकडं.

स्टेशनाकडचे डॉक्टर आले. हृदय, म्हणाले. थोडं आधी बोलावलं असतं तर, असं ह्यांनी विचारलं. फरक पडला नसता, असं ते म्हणाले, आणि ते खरं असेल. पण मला इलाज नकोच होता हो. मला एवढंच हवं होतं की त्या दुखण्यात त्यांचा हात कुणीतरी धरावा. त्यांनी हाक मारली ती आम्ही सगळ्यांनी ऐकली, पोरांनी ऐकली, घाटानं ऐकली, आणि आम्ही साथ धरली. कुणावर रागवू? पोरांवर? त्यांनी बाईंनी शिकवलं तेच केलं. भामाबाईवर? की त्या चार ओळींवर, ज्यांनी दुष्काळात एवढी पोरं जगवली? राग येतो आणि तो ठेवायला जागा मिळत नाही.

हे मात्र येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, ‘गात गात गेली माझी बहीण.’ म्हणून हा लेख मासिकाकडं धाडण्याआधी मी त्यांच्या हातात दिला. माणसाचा आधार असा काढून घ्यावा का, हे मला अजून कळत नाही. त्यांनी तो सगळा वाचला, चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. म्हणाले, ‘मलाही माहीत होतं. सूर वेगळा होता.’ आणि मग, ‘पाठव.’

दसरा आठवड्यावर आला आहे. आया नव्या पाट्या घेऊन येतील, ‘श्री’ गिरवतील, आणि संध्याकाळी त्या पाट्या माळ्यावर मलाच टाकाव्या लागतील. बालवाडी बंद करावी असं मनात आलं होतं, पण पोरं काही विचारायला थांबली नाहीत, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ओसरीवर येऊन बसली. ती तो खेळ खेळतातच. नको म्हणायला मला धीर होत नाही. मी चुलीपाशी असते आणि गाणं सुरू होतं, तशी मी हातातलं उलथनं खाली ठेवते. मी ओसरीवर जाते, एकेकाच्या तोंडाकडं बघते, आणि विचारते, ‘कुणाला काही दुखतंय का रे?’ पहिल्या दिवशी पोरं गोंधळली. आता त्यांना सवय झाली आहे. हातानं वाळू थापता थापता, वरही न बघता बबीची धाकटी बहीण उत्तर देते.

‘न्हाई बाई. आमी खेळतोय.’